कलम म्हणजे बुटके झाड नव्हे

पावसाळा तोंडावर आला की घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रोपवाटिकांत एक वाक्य हमखास कानावर पडते : 'कलमी आहे, बुटकंच राहणार, कुंडीतही फळ धरतं.' आंबा, चिकू, पेरू, लिंबू यांच्या विक्रीत हे वाक्य चांगलेच मुरलेले आहे. अलीकडे ऑनलाइन विक्रेत्यांनी ते सफरचंद आणि नाशपातीच्या रोपांनाही चिकटवले आहे. सोबत थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांतला सल्लाही जोडून दिला जातो, की ठेंगणा खुंट, म्हणजे कलमकाडी ज्याच्या मुळांवर बांधतात ते खालचे रोप, निवडा, म्हणजे झाड आटोपशीर राहील आणि मातीतले अन्नही नीट उचलेल. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात जागेची चणचण अशी आहे की 'आटोपशीर' हा शब्द ऐकताच हात खिशाकडे जातो. या सल्ल्यात मात्र तीन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलेली आहे. झाड कलमी असणे, ते ठेंगणे राहणे आणि त्याने अन्न चांगले घेणे, यांपैकी एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. ज्या एका माहितीवरून तिन्हींचा काही अंदाज बांधता आला असता, ती म्हणजे खुंट कोणता. आणि नेमकी तीच विकणारा सांगत नाही व घेणारा विचारत नाही.

कलमाला फळ लवकर येते, ही गोष्ट खरी आहे. गैरसमजाचे मूळही तिथेच आहे. कलमकाडी घेतली जाते ती फळावर आलेल्या झाडाची. ती वयाने मोठीच असते. कोवळ्या रोपावर बसवली म्हणून तिचे बालपण पुन्हा सुरू होत नाही. म्हणून कोयीचा आंबा मोहरायला सात-आठ वर्षे घेतो, तर कलम तीन-चार वर्षांत, कधी कधी पिशवीत असतानाच मोहोर दाखवते. कंबरेएवढ्या रोपाला लटकलेला आंबा विक्रेता दाखवतो, तेव्हा तो खरे तर कलमकाडीचे वय दाखवत असतो. गिऱ्हाईक तो झाडाच्या भावी उंचीचा दाखला समजते. हा दाखला किती पोकळ आहे हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. रत्नागिरी-देवगडचा हापूस सगळा कलमीच आहे. तरीही जुन्या शिफारशीने दोन झाडांत दहा मीटर अंतर सोडले जाते आणि वीस-पंचवीस वर्षांच्या झाडावरचा आंबा लांब काठीच्या झेल्याशिवाय उतरत नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातला, आता पालघरात गेलेला डहाणू-घोलवडचा चिकू घ्या. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधलेली असतात. तिथल्या जुन्या वाड्यांत शिरले की डोक्यावर अखंड मांडव भेटतो. कलम करण्याने झाड खुजे होत असते, तर कोकणात काढणीचा खर्च हा प्रश्नच उरला नसता.

झाड ठेंगणे करणारे खुंट जगात आहेत, आणि नाशपाती हे त्याचे जुने व उत्तम उदाहरण आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. युरोपात नाशपातीची कलमकाडी शेकडो वर्षे क्विन्सवर, म्हणजे काश्मिरात होणाऱ्या बिहीच्या झाडावर बांधली जाते. विसाव्या शतकात इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने या खुंटांची नीट वर्गवारी केली आणि 'क्विन्स ए', 'क्विन्स सी' ही नावे बागायतदारांच्या तोंडी बसली. नाशपातीच्याच बियांच्या रोपावर जे झाड दोन मजले गाठते, ते क्विन्स ए वर साधारण निम्म्याएवढे राहते. सी वर त्याहून थोडे लहान. या खुंटातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अरुंद असतात, जोडाशी वाढीच्या संप्रेरकाचा प्रवाह मंदावतो, फांद्यांची धाव कमी होते आणि पानांनी बनवलेले अन्न लाकडापेक्षा फळाकडे अधिक वळते. अमेरिकेत 'ओल्ड होम' आणि 'फार्मिंगडेल' या दोन नाशपातींच्या नावाने ओळखले जाणारे ८७, ९७, ३३३ असे क्रमांकांचे खुंट वापरतात. एकाच कुळातले असूनही ९७ वरचे झाड चांगलेच मोठे होते आणि ३३३ वरचे मध्यम राहते. तिथला रोपवाटिकावाला नुसते 'कलमी नाशपाती' म्हणून थांबत नाही, चिठ्ठीवर क्रमांक लिहितो. कारण त्या क्रमांकावर दोन झाडांतले अंतर, आधाराचे खांब आणि पाण्याचे वेळापत्रक ठरते.

या ठेंगणेपणाची किंमत मात्र आपल्याकडच्या सल्ल्यांत गाळलेली असते. क्विन्सची मुळे वरच्या थरात राहतात, त्यामुळे झाडाला आधार लागतो आणि पाण्याचा ताण ते लवकर घेते. 'बार्टलेट'सारख्या प्रसिद्ध जातीशी क्विन्सचे पटत नाही. क्विन्सच्या सालीतले एक सायनाइडयुक्त द्रव्य वर चढते, नाशपातीच्या पेशींत ते फुटते आणि जोड कुजतो असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते; म्हणून मध्ये 'ओल्ड होम' किंवा 'ब्यूरे हार्डी'चा तुकडा घालून दुहेरी कलम करावे लागते. अन्नग्रहणाचा हिशेब तर याहून बोलका आहे. चुनखडीच्या, सामू चढलेल्या जमिनीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येईल अशा रूपात राहत नाही. नाशपातीची स्वतःची मुळे अशा जमिनीतून लोह सोडवून घेण्यात बऱ्यापैकी तरबेज असतात, क्विन्सची नसतात. परिणाम शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसतो : शिरा हिरव्या, मधला पडदा लिंबासारखा पिवळा, आणि पुढे कडा करपलेल्या. फ्रेंचांनी निवडलेला 'बीए २९' हा क्विन्स या बाबतीत ए आणि सी पेक्षा सरस मानला जातो, पण त्यावरचे झाड त्यांच्याहून मोठे होते. जो खुंट झाडाला आवरतो तोच अन्नाच्या बाबतीत नाजूक आणि जो थोडा सोसतो तो थोडा वाढतो, अशी इथली देवाणघेवाण आहे. 'आटोपशीर वाढ आणि उत्तम अन्नग्रहण' असे एका दमात म्हणणारा सल्ला ती झाकून ठेवतो.

आणि ठाण्या-कल्याणच्या मातीला हा मुद्दा अगदी थेट लागू पडतो. नव्या संकुलांतल्या पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यावरच्या स्लॅबवर जी 'माती' टाकलेली असते, तिच्यात बांधकामाचा राडारोडा मिसळलेला असणे ही नवलाची गोष्ट नाही. सिमेंट-चुन्याचा हा चुरा सामू वर ढकलतो. आसपासच्या डोंगरांतली मूळची लाल माती आम्लधर्मी बाजूची आणि दोन पावले पुढे संकुलातली भर चुनखडीसारखी वागणारी, असा प्रकार एकाच पिनकोडात सापडतो. अशा भरावात लोहाला अडणारा खुंट लावला तर पाने पिवळी पडणार. माळी युरिया टाकणार, पाने आणखी फिकी दिसणार, आणि दोष रोपाच्या नशिबावर जाणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, याचे इतके चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. लिंबूवर्गातही हेच घडते. झाड खुजे करणारा 'फ्लाइंग ड्रॅगन' हा त्रिपर्णी खुंट चुनखडीत लोहासाठी असाच अडतो, तर नागपुरी संत्र्याला वापरली जाणारी जंबेरी जोमदार वाढते पण मूळकूज आणणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीला बळी पडते. बिनखोट खुंट कोणत्याच फळाला मिळालेला नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी उदाहरणे आहेत, आपल्या शेतीत खुंटाला एवढे महत्त्व कुठे? महाराष्ट्रातल्या द्राक्षाने हा धडा भरपूर किंमत मोजून गिरवला आहे. नाशिक, सांगली, सोलापूरचे बागायतदार पूर्वी थॉमसन सीडलेस स्वतःच्या मुळावरच लावत. पाण्याची टंचाई आणि खारवत चाललेल्या जमिनी यांमुळे १९९०च्या दशकापासून डॉगरिज या खुंटाचा प्रसार झाला, आणि बघता बघता द्राक्ष म्हणजे डॉगरिज असे समीकरण होऊन बसले. डॉगरिज तगडा आहे यात वाद नाही. पण भारी जमिनीत आणि मुबलक पाण्यावर त्याने वेलीला इतका जोम दिला की सावली वाढली, काडीतले डोळे फळाऐवजी पाल्याचे होऊ लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खाऱ्या पाण्यावर डॉगरिजवरच्या वेलींच्या पानांत सोडियम ११०-आर या खुंटावरच्या वेलींपेक्षा जास्त साठतो, असे पुढच्या अभ्यासांत दिसून आले. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात खुंटांचा असा तुलनात्मक अभ्यास झाला आहे आणि आज ११०-आर चे नाव शेतकरी स्वतःहून घेतो. म्हणजे जोमदार खुंट सगळे अन्न चांगलेच घेतो, हेही खरे नाही. नको ते क्षारही तो तितक्याच उत्साहाने घेऊ शकतो. आकार आणि अन्नग्रहण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि दुसरीत तर प्रत्येक मूलद्रव्याची प्रश्नपत्रिका वेगळी आहे. द्राक्षवाल्याला हे कळले, कारण माती-पाणी तपासल्याशिवाय त्याचा कर्जाचा हप्ता फिटत नाही. गच्चीवर हौसेने झाड लावणाऱ्याला ही सक्ती नाही, म्हणून त्याच्या गळ्यात काहीही मारता येते.

आता नाशपातीकडे परत. तिच्या बाबतीत मुळात खुंटाची निवड हा ठाण्यातला प्रश्नच नाही. बहुतेक युरोपीय नाशपातींना डोळे नीट फुटण्यासाठी हिवाळ्यात सुमारे सात अंशांखालचे कित्येक शे तास लागतात. मुंबईत सांताक्रूझला नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही जानेवारी १९६२ मधले. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या आगेमागे रेंगाळतो. बदलापूरकडे थंडीच्या लाटेत दहा-बारावर उतरला तर बातमी होते. शेकडो तासांची मागणी असलेल्या झाडाला इथे शून्याच्या जवळपास पुरवठा आहे. खुंटाने यात काहीच फरक पडत नाही असे मी म्हणणार नाही. कमी थंडीच्या खुंटावर डोळे थोडे आधी आणि थोडे एकसारखे फुटतात, असे आढळले आहे. पण तो फरक काठावरच्या हवामानात उपयोगी पडणारा आहे, आणि ठाणे काठाच्या बरेच पलीकडे आहे. पंजाबची 'पत्थरनाख' ही कडक, कुरकुरीत नाशपाती कमी थंडीवर भागवते आणि तिथे ती 'कैंथ' या रानटी नाशपातीच्या खुंटावर बांधतात. श्रावणात कल्याण स्थानकाबाहेरच्या हातगाड्यांवर अशाच कडक, हिरवट नाशपातीचे ढीग दिसतात. पण अमृतसर-गुरदासपूरचा हिवाळा आणि कल्याणचा हिवाळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दक्षिणेत नाशपाती होते ती निलगिरी आणि कोडाईकनालच्या उंचीवर.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे हिमाचलच्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी निवडलेले 'एचआरएमएन-९९' हे सफरचंद. ते उष्ण मैदानी भागातही फळते, मग नाशपाती का नाही? आक्षेप योग्य आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. कमी थंडीत फळण्याचा गुण त्या सफरचंदाच्या जातीत, म्हणजे वर बांधलेल्या काडीत आहे; खालच्या खुंटाने तो दिलेला नाही. तशी निवड नाशपातीत उद्या ठाण्याच्या हवेसाठी झाली तर तिचे स्वागतच करावे. आज मात्र 'ठेंगणा खुंट' या भांडवलावर इथे नाशपाती विकणे म्हणजे ज्या कुलपाची किल्ली आपल्याकडे नाही त्याला उत्तम मूठ बसवून देणे होय.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. कुंडीतले झाड लहानच राहते ना, मग खुंटाची चौकशी कशाला? राहते, हे कबूल. मुळांना जागा नसली की शेंडाही थबकतो, आणि वर्षाकाठी छाटणी झाली तर अर्ध्या ड्रममधला हापूसही माणसाच्या उंचीत आवरता येतो. पण मग श्रेय ड्रमचे आणि कात्रीचे आहे. 'ड्वार्फ' या नावाने दीडपट-दुप्पट दर कशाचा? शिवाय कुंडीत तर खुंटाची अन्नाची बाजू अधिकच ठळक होते. जमिनीतले मूळ इथे नाही तर दोन हातांवर शोधायला जाते. कुंडीतल्या मुळाला पळवाट नसते. दर पंधरवड्याला घातलेल्या विद्राव्य खतांचे क्षार कडेला पांढऱ्या पापुद्र्यासारखे साचतात, एप्रिल-मेमध्ये तापलेल्या स्लॅबवर कुंडीची भिंत हाताला चटका देते, आणि या सगळ्यात तग धरायचा तो खुंटाच्या मुळांनी. आंब्यात 'कुरुक्कन' किंवा इस्रायलचा '१३-१' असे क्षार सोसणारे बहुभ्रूणी, म्हणजे एका कोयीतून अनेक रोपे देणारे, खुंट माहीत आहेत. कुंडीसाठी कलम बांधणाऱ्याने बुटकेपणाआधी या गुणाचा विचार करायला हवा.

तिसरा मुद्दा काही जाणकार मांडतात, की आम्रपाली खरोखरच ठेंगणी आहे, मग विक्रेता खोटे बोलतो असे कसे म्हणता? आम्रपाली ठेंगणी आहेच. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ती काढली आणि अडीच मीटर अंतरावर, हेक्टरी १६०० झाडे लावण्याची शिफारस तिच्यासाठीच झाली. पण इथेही गुण काडीचा आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची 'रत्ना' हापूसपेक्षा कमी पसरते आणि नियमित फळते, तेही जातीमुळेच. म्हणजे गच्चीसाठी आंबा हवा असेल तर जातीचे नाव विचारून प्रश्न बराचसा सुटतो. तिथे विक्रेत्याने 'आम्रपाली आहे म्हणून बुटकी' असे म्हणावे. 'कलमी आहे म्हणून बुटकी' असे म्हणू नये. या दोन वाक्यांतला फरक म्हणजे शब्दांचा कीस काढणे नव्हे. पहिले ऐकून तुम्ही आम्रपाली घ्याल. दुसरे ऐकून हापूस घ्याल, संकुलाच्या आवारात भिंतीला खेटून लावाल आणि पंधरा वर्षांनी फांद्या चौथ्या मजल्याच्या खिडकीत शिरल्या की वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीसाठी अर्ज घेऊन महापालिकेत उभे राहाल. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याला ते झाड कलमी होते की कोयीचे याच्याशी कर्तव्य नाही.

हापूसलाच ठेंगणा करणारा खुंट नाही का? आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत हापूस वेगवेगळ्या बहुभ्रूणी खुंटांवर बांधून दीर्घकाळ निरीक्षणे घेतली गेली आणि त्यांत 'वेल्लईकोलंबन' या दक्षिणी खुंटावरची झाडे स्पष्टपणे लहान राहिली, झाडाच्या आकाराच्या मानाने फळही चांगले देऊन गेली. बहुभ्रूणी कोयीचे महत्त्व असे की तिच्यातून आईसारखीच हुबेहूब रोपे निघतात, म्हणून खुंट एकजिनसी मिळतो. कोकणात कोय कलमासाठी वापरतात त्या रायवळ कोयी बहुतांशी एकभ्रूणी. प्रत्येक कोय वेगळ्या रक्ताची, त्यामुळे एकाच झाडाच्या काड्या बांधूनही एक कलम रांगते आणि शेजारचे धावते. बाग लावणारा याला जमिनीचा गुण म्हणतो. पुष्कळदा तो कोयीचा असतो. पेरूत तर भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा सृजन' हा खास ठेंगणेपणासाठीचा खुंट दिलेला आहे. पेरू इथल्या हवेत आनंदाने फळतो, त्याला थंडीचे तास लागत नाहीत. नाशपातीच्या मृगजळामागे खर्च होणारा उत्साह पुसा सृजनवरचा पेरू किंवा वेल्लईकोलंबनवरचा हापूस इथल्या रोपवाटिकांत मागण्यात खर्च झाला, तर दोन-चार वर्षांत ते कोणीतरी बांधू लागेल. मागणी नाही म्हणून बांधत नाहीत, आणि बांधत नाहीत म्हणून कोणाला नाव ठाऊक नाही.

रोपवाटिकावाल्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. खिरणीचे रोप कलम बांधण्याइतके जाड व्हायला दीड-दोन वर्षे लागतात, तेवढा काळ जागा अडते, पाणी लागते. गिऱ्हाईक मात्र पन्नास रुपयांनी स्वस्त कलम कुठे मिळते ते पाहते आणि खुंटाचे नाव विचारत नाही. प्रामाणिक माणसाला अशा बाजारात मार बसतो, हे खरे. त्यावरचा उपाय मात्र मौन हा नव्हे. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे. जातीची चिठ्ठी लावता येते, तर तिच्यावर खुंटाची एक ओळ वाढवायला शाईखेरीज काही लागत नाही. 'नावात काय आहे, लोकांना कळत नाही' हा बचाव तर टिकणाराच नाही. तीस वर्षांपूर्वी द्राक्षवाल्यांनाही डॉगरिज आणि ११०-आर यांतला फरक माहीत नव्हता.

तेव्हा या जूनमध्ये रोप घ्यायला जाल तेव्हा फळाकडे पाहण्याआधी जोड पाहा. मातीपासून वीतभर वर, साल जिथे रंग बदलते आणि खोड किंचित वाकते, तिथे तो सापडेल. त्याच्या खालून फुटलेली फूट असेल तर ती खुंटाची आहे, काढून टाकायची. मग विचारा : वरची जात कोणती, खालचा खुंट कोणता, आणि माझी माती स्लॅबवरच्या भरावाची आहे की डोंगराची लाल, त्यात हा खुंट चालेल का? तिन्ही उत्तरे मिळाली तर जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. 'ड्वार्फ आहे' एवढेच उत्तर मिळाले तर साध्या कलमाचा दर द्या. नाशपाती पुढे केली तर सरळ नाही म्हणा, आणि श्रावणात हातगाडीवरून किलोभर घ्या.